आपद्धर्म आणि अल्जियर्स : एका बॉम्बची, एका नकाराची आणि २४,००० आदेशांची गोष्ट (थ्रेड)

१/ १४ नोव्हेंबर १९५६. अल्जियर्सच्या हाम्मा भागातील गॅस कारखान्यात टर्नर म्हणून काम करणारा फेर्नां इव्हतों हा तीस वर्षांचा युरोपीय कम्युनिस्ट दुपारी पकडला गेला. त्याने एका कपाटात ठेवलेला बॉम्ब वेळेआधीच निकामी करण्यात आला. पण त्याच्याजवळ सापडलेल्या चिठ्ठीवरून बॉम्ब दोन असल्याचे दिसत होते. दुसरा कुठे आहे, हे पोलिसांना ठाऊक नव्हते. हाताशी काही तासच उरले होते.

२/ पोलीसप्रमुख परवानगी मागायला पॉल तेतजेन यांच्याकडे गेले. प्रीफेक्चरमध्ये पोलीस खात्याचा कारभार पाहणारे हे सचिव. इव्हतोंला 'बोलता' करू द्यावे, एवढीच मागणी होती. दुसरा बॉम्ब गॅसच्या टाक्यांजवळ असेल तर वस्तीच्या वस्ती उडेल, अशी भीती होती. तेतजेन यांनी नकार दिला. त्यांच्याच सांगण्यानुसार ती उरलेली दुपार त्यांनी थरथरत काढली.

३/ हा नकार देणाऱ्या माणसाचा पूर्वेतिहास महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात तेतजेन फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते. नान्सी येथील गेस्टापोच्या तळघरात त्यांचा छळ झाला होता आणि पुढे डाखाऊच्या छळछावणीत त्यांची रवानगी झाली होती. यातना म्हणजे काय हे त्यांना वाचून कळलेले नव्हते.

४/ दुसरा बॉम्ब फुटला नाही.

५/ दहशतवादाचा मुकाबला करताना आरोपीचा छळ क्षम्य ठरतो का, या वादात एक उदाहरण हटकून येते : घड्याळ लावलेला बॉम्ब, बंदिवान आरोपी, धोक्यात असलेले शेकडो जीव. बहुतेक वेळा हे उदाहरण काल्पनिक असते. इव्हतोंचे प्रकरण मात्र खरे आहे, आणि त्या कल्पनेशी इतके जुळणारे दुसरे प्रकरण इतिहासात क्वचितच सापडेल. म्हणून त्याकडे बारकाईने पाहायला हवे.

६/ प्रथम पार्श्वभूमी. अल्जीरिया ही कागदोपत्री वसाहत नव्हती. १८४८ पासून ती फ्रान्सचाच भाग मानली जाई. बहुसंख्य मुस्लिम प्रजेला मात्र बरोबरीचे नागरिकत्व नव्हते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने (एफएलएन) सशस्त्र उठाव सुरू केला. १२ मार्च १९५६ रोजी फ्रेंच संसदेने ४५५ विरुद्ध ७६ मतांनी सरकारला 'विशेष अधिकार' दिले. पंतप्रधान समाजवादी पक्षाचे गी मोले होते आणि कम्युनिस्टांनीही बाजूने मतदान केले होते. हे उजव्यांचे पाप, असे म्हणून कोणाला सुटता येत नाही.

७/ १० ऑगस्ट १९५६ च्या रात्री युरोपीय अतिरेक्यांनी कसब्यातील र्यू द तेब या गल्लीत बॉम्ब फोडला. झोपेतली डझनावारी माणसे मेली. (अल्जियर्सचा 'कसबा' आणि पुण्याच्या कसबा पेठेतला 'कसबा' मूळचे एकाच अरबी शब्दाचे.) ३० सप्टेंबरला एफएलएनच्या तरुणींनी मिल्क बार आणि काफेतेरिया या दोन उपाहारगृहांत बॉम्ब ठेवले. तिघे मेले, कित्येक जखमी झाले, काहींचे हातपाय कापावे लागले. तिथे कोणी सैनिक नव्हते. आइस्क्रीम खायला आलेली कुटुंबे होती. पुढच्या सगळ्या चर्चेत ही कुटुंबे नजरेआड होता कामा नयेत. छळाचे समर्थक त्यांच्याच नावाने बोलत होते, आणि ती भीती खोटी नव्हती.

८/ ७ जानेवारी १९५७ रोजी शहरातील पोलिसी अधिकार जनरल झाक मास्यू यांच्या दहाव्या पॅराशूट डिव्हिजनकडे सोपवण्यात आले. न्यायाधीश आणि वॉरंट बाजूला पडले. रात्री घरात शिरून माणसे उचलली जाऊ लागली.

९/ छळ त्या दिवशी जन्मला नाही. मार्च १९५५ मध्येच रोजे व्हियोम या वरिष्ठ निरीक्षकांनी अल्जीरियातील पोलिसांविषयी अहवाल दिला होता. नळीने पाणी पाजणे, विजेचे झटके देणे हे प्रकार जुनेच असल्याचे त्यांनी नोंदवले. मग ते थांबवण्याऐवजी त्यांना नियमांच्या चौकटीत आणावे असे सुचवले : जपून वापरले तर या पद्धतींचा धक्का शारीरिक कमी, मानसिक अधिक, म्हणून ती अतोनात क्रूरता नव्हे! सरकारने ही शिफारस अधिकृतपणे स्वीकारली नाही. पण सरकारी कागदावर, कारकुनी भाषेत, अशा गोष्टीचे मोजमाप लिहिले गेले, हेच पुढच्या काळाविषयी बरेच सांगते.

१०/ पॅराशूट सैनिकांचे आवडते साधन म्हणजे लष्करी टेलिफोनचा हाताने फिरवायचा डायनॅमो. सैनिकी बोलीत त्याला 'जेजेन' असे लाडके नाव होते. तो प्रत्येक तुकडीकडे असे, मागे फारशा खुणा ठेवत नसे. मास्यू यांनी तो स्वतःवर लावून पाहिल्याचे पुढे सांगितले. हे सांगण्यात प्रामाणिकपणा असेलही. पण ज्या प्रयोगात थांबण्याचा हुकूम आपल्याच हाती असतो, त्याला यातना म्हणत नाहीत.

११/ या सगळ्याला तात्त्विक आधार काय? कर्नल रोजे त्रँकिए यांनी १९६१ च्या 'आधुनिक युद्ध' या पुस्तकात तो मांडला. पायदळातला शिपाई गोळी लागण्याचा धोका पत्करतो, वैमानिक विमान पडण्याचा. दहशतवादी मात्र निःशस्त्रांना मारून गर्दीत मिसळतो. त्याच्या व्यवसायाचा धोका म्हणजे चौकशीतली वेदना. ती त्याने गृहीत धरायला हवी. डिव्हिजनचे धर्मगुरू फादर देलारू यांनीही सैनिकांना हेच समजावले : निरपराधांची कत्तल होऊ देणे आणि एका अपराध्याला वेदना देणे, यांत दुसरे पाप लहान.

१२/ हा युक्तिवाद स्वसंरक्षणाच्या हक्कावर उभा आहे. अंगावर चालून आलेल्याला, वेळ पडल्यास ठार मारूनही, रोखण्याचा अधिकार जवळजवळ प्रत्येक कायदा देतो. पण खुर्चीला बांधलेला माणूस कोणावर चालून येत नसतो. म्हणून छळाच्या समर्थकाला आणखी एक पायरी चढावी लागते : याचे मौन हाच अजून चालू असलेला हल्ला आहे. आणि मौन हा हल्ला ठरायचा, तर त्या माणसाला उत्तर ठाऊक असलेच पाहिजे. ठाऊक नसेल, तर समोर आहे तो केवळ एक बांधलेला माणूस.

१३/ आता इव्हतोंकडे परत. झाकलिन गेरूज ही साथीदार त्याच्यासाठी दोन बॉम्ब घेऊन आली होती. त्याच्या पिशवीत एकच मावला. दुसरा ती परत घेऊन गेली. पोलिसांच्या हाती सापडला तेव्हा तो बॉम्ब नेमका कुठे आहे, हे इव्हतोंला माहीत असण्याचे कारणच नव्हते. बॉम्ब खरा, आरोपी खरा, घड्याळ खरे. फक्त उत्तर त्याच्यापाशी नव्हते. चौकशीच्या खोलीत बसलेल्या कोणालाही हे कळण्याचा मार्ग नव्हता.

१४/ आणि या कथेला एक काळी किनार आहे. तेतजेन यांचा नकार पाळला गेलाच नाही. इव्हतोंने न्यायालयात आणि वकिलांना सांगितले की पोलीस मुख्यालयातच त्याला विजेचे झटके दिले गेले, पाणी पाजले गेले. वेदनेपोटी त्याने काही नावे सांगितली, पण बॉम्बचा ठावठिकाणा तो देऊ शकला नाही. एकाच शहरात वरिष्ठ अधिकारी सदसद्विवेकाशी झगडत होता आणि त्याचे कनिष्ठ त्याला न विचारता काम उरकत होते.

१५/ दहा दिवसांत लष्करी न्यायालयाने इव्हतोंला मृत्युदंड ठोठावला. कपाट निर्जन खोलीतले होते, वेळ कामगार घरी गेल्यानंतरची होती आणि जीवितहानी शून्य होती. न्यायमंत्री फ्रान्स्वा मित्तेराँ (पुढचे राष्ट्राध्यक्ष) यांनी दयेच्या अर्जाविरुद्ध मत दिले. ११ फेब्रुवारी १९५७ रोजी गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला.

१६/ तेतजेन यांनी तोवर आणखी एक गोष्ट केली होती. लष्कराने उचललेल्या प्रत्येक माणसासाठी स्थानबद्धतेचा आदेश आपल्या सहीने निघावा, असा आग्रह त्यांनी धरला. छळ थांबवणे हाती नव्हते, निदान हिशेब तरी राहावा. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांनी अशा सुमारे २४,००० आदेशांवर सह्या केल्या आणि अखेरीस ३,०२४ माणसांचा पत्ता लागला नाही. या आकड्यावर इतिहासकारांत वाद आहेत. पण तो अर्ध्यावर आणला, तरी घड्याळ लावलेले इतके बॉम्ब अल्जियर्समध्ये कधीच नव्हते.

१७/ अपवाद म्हणून मागितलेली परवानगी कशी पसरते, ते जून १९५७ मध्ये दिसते. ९ जूनला कॉर्निश कॅसिनोच्या नाचघरात, वादकांच्या व्यासपीठाखाली बॉम्ब फुटला आणि आठ जण मेले. पाच महिने अनिर्बंध चौकशी होऊनही बॉम्ब फुटतच होते. शहर संतापले. ११ जूनच्या रात्री मोरिस ओदँ हा गणिताचा पंचवीस वर्षांचा प्राध्यापक घरातून नेण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी आलेला पत्रकार आंरी अलेग अडकला. दोघांपैकी कोणावरही बॉम्ब ठेवल्याचा आरोप नव्हता. अलेगला विचारले जात होते ते असे : तू लपून राहत होतास तेव्हा आसरा कोणी दिला?

१८/ अलेग वाचला. तुरुंगातून चोरून बाहेर पाठवलेल्या कागदांचे 'ला केस्तियाँ' हे पुस्तक फेब्रुवारी १९५८ मध्ये निघाले आणि पुढच्याच महिन्यात सरकारने ते जप्त केले. तोवर साठ हजारांहून अधिक प्रती खपल्या होत्या. ओदँ मात्र परतला नाही. कैदी पळून गेला, असे लष्कराने सांगितले. एफएलएनचा नेता लार्बी बेन म्हिदी मार्चमध्ये कैदेत मेला, तेव्हा 'आत्महत्या' जाहीर झाली होती. पिएर व्हिदाल-नाके या तरुण इतिहासकाराने ओदँच्या पलायनाची कथा कागदपत्रांच्या आधारे खोटी पाडली. त्याचे आईवडील आउशविट्झमध्ये मारले गेले होते.

१९/ लष्करातही सगळे गप्प नव्हते. जनरल झाक पारी द बोलार्दिएर हे महायुद्धातील नामांकित वीर. मार्च १९५७ मध्ये त्यांनी मास्यूंच्या पद्धती नाकारून आपल्याला पदमुक्त करण्याची मागणी केली आणि वृत्तपत्रात जाहीर भूमिका घेतली. त्यांना साठ दिवस किल्ल्यात अटकेत ठेवण्यात आले. छळ केल्याबद्दल मात्र त्या काळात कोणाही वरिष्ठाला अशी शिक्षा झाली नाही. तेतजेन यांनी २४ मार्चला राजीनामापत्र लिहिले : चौदा वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगावर उमटलेल्या खुणा आपण कैद्यांच्या अंगावर ओळखल्या, असा त्यातला आशय होता.

२०/ मग छळाचा उपयोग झाला की नाही? 'यातनेतून कधीच खरी माहिती मिळत नाही' हे उत्तर सोयीचे आहे, पण टिकणारे नाही. काही पत्ते मिळाले, काही बॉम्बशाळा सापडल्या. सप्टेंबर-ऑक्टोबर १९५७ मध्ये यासेफ सादी पकडला गेला, अली ला प्वँत मारला गेला आणि शहरातले जाळे मोडले. त्यात कॅप्टन लेजे यांच्या फितूर खबऱ्यांचा वाटा फार मोठा होता. डायनॅमोने किती आणि फितुरांनी किती, हा हिशेब आता वेगळा काढता येत नाही. दुसरा हिशेब अधिक स्पष्ट आहे : कसब्यातल्या घराघरांतून माणूस उचलला गेला, आणि शहर जिंकलेल्या फ्रान्सला जुलै १९६२ मध्ये देश सोडावा लागला.

२१/ घड्याळ लावलेल्या बॉम्बचे उदाहरण लोकप्रिय कसे झाले, हेही रंजक आहे. झाँ लार्तेगी यांच्या १९६० च्या 'ले सांत्युरियाँ' या कादंबरीत पॅराशूट अधिकारी ऐन वेळी माहिती काढून शहर वाचवतात. पुस्तक प्रचंड खपले. त्या शहरात प्रत्यक्ष घडलेली घटना, म्हणजे इव्हतोंची, कादंबरीला साजेशी नव्हती.

२२/ हा प्रश्न कायद्यासमोर अधिक नेमकेपणाने आला तो इस्रायलमध्ये. १९८७ च्या लांडाऊ आयोगाने 'निकड' या तत्त्वाच्या आधारे चौकशीत 'मर्यादित शारीरिक दबावा'ला मुभा दिली. ६ सप्टेंबर १९९९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. न्या. आहारोन बराक यांनी केलेला भेद असा : एखाद्या अधिकाऱ्याने खरोखरच्या निकडीत मर्यादा ओलांडली, तर खटल्यात तो तसा बचाव मांडू शकेल; पण त्या बचावातून आगाऊ परवाना किंवा नियमावली निर्माण होत नाही. या निर्णयानंतरही तक्रारी थांबल्या नाहीत, हेही खरे.

२३/ मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. आपद्धर्म ही आपल्या परंपरेतली जुनी संकल्पना. शांतिपर्वातला विश्वामित्र दुष्काळात चांडाळाच्या घरचे कुत्र्याचे मांस घेतो, तेव्हा त्या कृत्याचा भार तो स्वतः उचलतो. उद्यापासून सर्वांनी हेच खावे, असा दंडक घालून देत नाही. व्हियोम यांच्या अहवालाने नेमके तेच करू पाहिले होते.

२४/ जून २००० मध्ये 'ल माँद'ने लुइझेत इघिलाहरिझ यांची कैफियत छापली. १९५७ मध्ये वीस वर्षांची ही स्वातंत्र्यसैनिक मास्यूंच्या मुख्यालयात महिनोन्महिने छळली गेली होती. १९७१ च्या पुस्तकात छळाचे समर्थन करणाऱ्या मास्यूंनी तेव्हा नव्वदी ओलांडली होती. छळ अपरिहार्य नव्हता, त्यावाचूनही चालले असते, असे त्यांनी मान्य केले.

२५/ त्यांचे सहकारी जनरल पॉल ओसारेस यांना पश्चात्ताप नव्हता. २००१ च्या पुस्तकात त्यांनी बेन म्हिदीला आपणच फासावर लटकवल्याचे लिहिले. १९६० च्या दशकातील माफीच्या कायद्यांमुळे त्या हत्येचा खटला होऊ शकत नव्हता. खटला झाला तो पुस्तकावर : युद्धगुन्ह्यांचे समर्थन केल्याबद्दल ७,५०० युरो दंड.

२६/ सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष इमान्युएल माक्राँ पॅरिसजवळ ओदँच्या पत्नी झोझेत यांच्या घरी गेले. मोरिसचा मृत्यू छळामुळे किंवा छळानंतरच्या हत्येने झाला आणि कायद्याने उभारलेल्या व्यवस्थेने ते शक्य केले, अशी कबुली त्यांनी लेखी दिली. झोझेत तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. पुढच्या फेब्रुवारीत त्या गेल्या. मोरिस ओदँचा मृतदेह सापडलेला नाही.