रेशनकार्डावरचं नाव

मैत्रिणींनो, २५ ऑगस्ट २०२१ ला सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात गेल ऑम्व्हेट गेल्या. जन्म अमेरिकेतला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला आल्या, भारत पाटणकरांशी लग्न केलं, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्वही घेतलं. पुस्तकं पुष्कळ लिहिली.

पण आम्हाला त्या आठवतात परित्यक्तांच्या लढ्यामुळं. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यसैनिक. सासू-सून एकाच मोर्च्यात, आपल्याकडं किती घरांत दिसतं हे? स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत या दोघींनी नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना एकत्र आणलं. मागण्या काय, तर स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, घराला जागा, कसायला जमीन. कार्ड कशाला? बाई माहेरी आणि नाव सासरच्या कार्डावर. धान्य तिकडं जायचं, इकडं तिचं दोन घास खाणं भावजयीच्या डोळ्यांवर यायचं. खाली मान घालून जगणाऱ्या या बायका हक्काचा कागद मागायला उभ्या राहिल्या.

आता २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं कार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख असते. पण टाकलेल्या लेकीचं नाव? पुढच्या बैठकीला येताना आपापलं कार्ड घेऊन या. एकेकीचं बघू.