अलिबाग चुंबकीय वेधशाळा : कच्च्या नोंदी व प्रलंबित संस्करण

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबाग येथे असलेली भूचुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. तिची पूर्वपीठिका मुंबईतील कुलाबा वेधशाळेत आहे. (रायगड जिल्ह्याचे १९८१ पूर्वीचे नाव कुलाबा होते आणि अलिबागच्या समुद्रातील किल्लाही कुलाबाच; या दोहोंशी मुंबईच्या कुलाब्याची गल्लत होऊ नये.) या दोन वेधशाळांची निरीक्षणमालिका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एकसंध मानली जाते. निरीक्षणे रोज जमत गेली, पण त्यांवरील गणित मागे राहिले. या थकलेल्या कामाची व्यवस्था कशी लागली, हा या वेधशाळांच्या इतिहासाचा काहीसा उपेक्षित भाग आहे.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ज्योतिषशास्त्रीय वेध व जहाजांसाठी कालमापन यांकरिता स्थापन केली. गौस व वेबर यांनी जर्मनीत १८३० नंतरच्या दशकात निरनिराळ्या देशांतील चुंबकीय निरीक्षणांचा मेळ घालण्यास आरंभ केला होता. त्या लाटेत १८४१ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली येथेही चुंबकीय मापन सुरू झाले. त्यांच्या हाताखालील साहाय्यकांत केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–८४) होते. केरूनानांचा जन्म अलिबागजवळील नागावचा. वेधांचे आकडे सामान्य गणित्याच्या उपयोगी पडावेत अशा रीतीने मांडणे, हे काम त्यांनी पुढे ज्योतिषात केले. १८६० मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ग्रहसाधनाची कोष्टके त्याचेच उदाहरण होय.

चुंबकीय वेधशाळेतील कच्ची नोंद म्हणजे काय, हे येथे पाहिले पाहिजे. धाग्याने टांगलेल्या चुंबकाचे सूक्ष्म वळणे आरसा, दुर्बीण व मापपट्टी यांच्या साहाय्याने वाचले जाते. निरीक्षकाच्या वहीत येतो तो केवळ पट्टीवरील अंक. त्या अंकाला चुंबकीय तीव्रतेचा अर्थ येण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पट्टीच्या एका भागाचे मूल्य, चुंबकाच्या तापमानानुसार करावयाची शुद्धी आणि निरपेक्ष मापनावरून ठरविलेले आधारमूल्य. चुंबक तापला की त्याची शक्ती किंचित घटते. म्हणून अंकाशेजारी त्या घटकेचे तापमान लिहिलेले नसेल, तर पन्नास वर्षांनी कितीही कुशल गणिती आला तरी तो अंक सुधारू शकत नाही. काम उरणे ही एक गोष्ट आणि जे पुढे कधीही पुरे करता येणार नाही अशा स्थितीत ते उरणे ही दुसरी. कुलाब्याच्या व्यवस्थेचे महत्त्व या भेदात आहे.

अंकांची संख्याही लहान नव्हती. दिक्पात, क्षैतिज घटक व ऊर्ध्व घटक यांचे तासाला एकेक वाचन धरले, तर पूर्ण वर्षाचे २६,२८० आकडे होतात. वाचन क्षणाचे असते. शुद्धी, सरासरी व तक्ते यांना त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. त्यामुळे वाचनाचे काम वेळेवर आणि गणित मागे, हे चित्र जगभर दिसत असे. ब्रिटिश साम्राज्यातील टोराँटो, सेंट हेलीना, होबार्ट इ. ठिकाणच्या नोंदी इंग्लंडमध्ये वुलिच येथे एडवर्ड सॅबाइन यांच्या कचेरीत संस्करणासाठी जात. त्रावणकोरात त्रिवेंद्रम येथे जॉन ॲलन ब्राउन यांनी १८५२ पासून तेरा वर्षे फार काटेकोर निरीक्षणे करविली. त्यांचा पहिला खंड १८७४ मध्ये लंडनला निघाला. तो दिक्पातापुरता होता. १८७९ मध्ये ब्राउन निवर्तले आणि योजनेप्रमाणे पुढील खंड निघाले नाहीत. मुंबईने मात्र आपले आकडे वार्षिक खंडांच्या रूपाने छापून ठेवण्याचा परिपाठ राखला. गणित थकले तरी काय थकले आहे हे त्या खंडांवरून कोणालाही दिसत होते.

१८७२ पासून कुलाब्याला छायाचित्रण पद्धतीने स्वयंलेखन सुरू झाले. ही सुधारणा निःसंशय मोठी होती. परंतु तिने थकबाकीचे स्वरूप पालटले. पूर्वी वहीतील कोरी घरे उरलेले काम दाखवीत. आता प्रकाशाने कागदावर उमटलेली वक्ररेषा म्हणजेच पूर्ण नोंद असा भास होऊ लागला. वस्तुतः ती रेषा तासातासाला मोजून तिचे अंक करणे हे काम तसेच बाकी असे आणि ते कपाटातील गुंडाळ्यांत नजरेआड जाई. (अशीच अडचण आज संगणक-आज्ञावली रचणाऱ्या गटांना जाणवते. २००१ च्या जाहीरनाम्यानंतर रूढ झालेल्या ‘अजाइल’ कार्यपद्धतीत शिल्लक कामांच्या यादीला ‘बॅकलॉग’ म्हणतात आणि ज्यांचा तपशील अद्याप ठरलेला नाही अशी कामे तीत हाती घेण्याजोग्या कामांपासून निराळी दाखवावी लागतात.)

१८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यापुढे दोन कामे एकदम आली. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे घाटत होते आणि त्या विद्युत्‌ प्रवाहाने चुंबकीय मापन निरर्थक झाले असते. मुंबईच्या दक्षिणेस सु. ३० किमी. वरील अलिबागची निवड त्यामुळे झाली. पोरबंदरचा अचुंबकीय दगड निवडून तेथे वास्तू उभारण्यात आली. एप्रिल १९०४ पासून सु. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय मापन थांबले. विजेची ट्राम मुंबईत ७ मे १९०७ रोजी धावली. ही दोन वर्षांची दुहेरी मेहनत वरकरणी अनावश्यक वाटेल. पण तिच्यामुळेच दोन स्थळांतील फरक ठरला व जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. तसे न होता तर कुलाब्याच्या साऱ्या नोंदी एका बंद पडलेल्या ठाण्याचे दप्तर होऊन राहिल्या असत्या.

दुसरे काम साठ वर्षांच्या साठ्याचे. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणे, त्यांमागील उपकरणांच्या इतिहासासह, तपासून १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली. पहिल्या भागात आकडे व उपकरणे, दुसऱ्यात त्यांची चर्चा. चुंबकीय वादळ सुरू झाल्यापासून किती तास लोटले या क्रमाने अनेक वादळे एकत्र मांडून पाहण्याची त्यांची रीत पुढील संशोधनात महत्त्वाची ठरली. मूस यांचे नाव महाराष्ट्रात जितके परिचित असावयास हवे तितके नाही.

तथापि मूस यांच्या खंडांनी सर्व काम संपले नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावरील तेजस्वी उद्रेक पाहिला. त्यानंतर सुटलेल्या वादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी तासाचा नेहमीचा क्रम सोडून मिनिटांच्या अंतराने डोळ्यांनी वाचने घेतली. ती त्या वर्षीच्या खंडात नोंदलेली होती. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना व ॲलेक्स यांनी त्यांवरून क्षैतिज घटकात सु. १,६०० नॅनोटेस्लांची घट दाखविली. यांपैकी लखिना व ॲलेक्स हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. कुलाब्याच्या परंपरेतून १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या या संस्थेचे मुख्यालय आता रायगड जिल्ह्यातच नवीन पनवेल येथे आहे व अलिबागची वेधशाळा तिच्याच अखत्यारीत चालते.

अलिबागचे आकडे आज ‘इंटरमॅग्नेट’ या आंतरराष्ट्रीय जाळ्यात जातात. तेथे प्रत्येक आकड्यावर त्याची अवस्था नमूद असते : जसा आला तसा, समायोजित, जवळपास अंतिम किंवा अंतिम. कच्चा आकडा लपविला जात नाही आणि अंतिम म्हणून वापरलाही जात नाही.

१८५९ च्या नोंदींचे काम २०२२ मध्ये आणखी पुढे गेले. हायाकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ वार्षिक खंड पुन्हा वाचून तिन्ही घटकांची मालिका सिद्ध केली. या मालिकेत तासाची सरासरी घेतल्यास क्षैतिज घटकातील घट एक हजार नॅनोटेस्लांच्या आतच राहते. तिची खरी खोली दिसते ती निरीक्षकांनी मधल्या मिनिटांत टिपून ठेवलेल्या सुट्या आकड्यांत.