बर्फातल्या भोकातून: नकली माशाचा इतिहास

आधी एक परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. तळे गोठले आहे. बर्फात तुम्ही एक भोक पाडले आहे. हातात दोरी आहे आणि दोरीच्या टोकाला लाकडाचा किंवा धातूचा नकली मासा. उन्हाळ्यात होडीतून मासेमारी करणारा माणूस आमिष लांब फेकतो आणि पाण्यातून आडवे ओढत आणतो, त्यामुळे ते पोहत्या माशासारखे वाटते. तुम्हाला मात्र दोरी फक्त वर उचलता येते किंवा खाली सोडता येते. मग खालच्या शिकारी माशाला फसवायचे कसे?

बर्फाखालच्या आमिषांचा इतिहास बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे. या टिपणात आपण मुख्यतः उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या प्रदेशातील उदाहरणे पाहू.

१. ओजिब्वे कारागिरांचे उत्तर

या प्रदेशातील ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी घडवलेल्या नकली माशाला गळ नसतो. त्याचे काम फक्त मोठ्या माशाला भोकाखाली बोलावण्याचे. पुढचे काम भाल्याचे. शिकारी भोकावर अंधार करून बसतो. वर अंधार आणि बर्फातून झिरपणारा उजेड खाली, त्यामुळे पाण्यातले स्पष्ट दिसते.

नकली माशाचे अंग लाकडाचे, पर पत्र्याचे. लाकूड तरंगते, म्हणून पोट कोरून त्यात शिसे ओततात. दोरी पाठीला बांधतात. खरी युक्ती पर आणि शेपटी यांच्या वळणात आहे. दोरीला झटका दिला की पसरलेले पर पाणी मागे लोटतात, मासा पुढे सरकतो आणि वाकडी शेपटी त्याला वळवते. हात वरखाली हलतो, मासा मात्र गोल फिरतो. उभ्या गतीचे आडव्या गतीत रूपांतर झाले. विस्कॉन्सिन राज्यातील लॅक डु फ्लॅम्बो येथील ओजिब्वे कारागीर या कामासाठी प्रसिद्ध आहेत.

२. चमचा आणि फिनलंडचा मासा

१८५२ मध्ये ज्युलिओ ब्युएल या अमेरिकन माणसाने चमच्यासारख्या धातूच्या आमिषाचे पेटंट घेतले. होडीतून खरा चमचा पाण्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, त्यातून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. बर्फाखाली चमच्याचा गुण असा की तो सरळ बुडत नाही. डुलत, चमकत खाली जातो. जखमी मासाही असाच लकाकतो.

फिनलंडमध्ये लाउरी रापाला या मच्छीमाराच्या लक्षात आले की मोठा मासा थव्यातल्या लंगडत पोहणाऱ्या माशाला आधी पकडतो. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडापासून तशीच चाल असलेला मासा घडवला. तो उघड्या पाण्यासाठी होता. पुढे त्याच्या नावाच्या कंपनीने बर्फाखालचा मासा काढला. त्याची दोरी पाठीच्या मध्यावर आहे, शेपटीला पर आहे आणि झटका दिला की तोही गोल फिरतो. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे. बंधन सारखे असेल तर दूरदूरचे कारागीरही सारख्या उत्तरापाशी पोहोचू शकतात.

३. कोणत्या माशाला काय?

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे बर्फालगत पाणी ० अंशाजवळ आणि तळाशी त्याहून थोडे उबदार राहते. थंडीत माशांची पचनक्रिया मंदावते. ते कमी खातात. म्हणून निवड नेमकी हवी.

• पाइक: पाणवनस्पतींत दबा धरून बसतो, मोठे भक्ष्य घेतो. त्याच्यासाठी मोठा नकली मासा.
• लेक ट्राउट: खोल पाण्यात असतो. लवकर खाली पोहोचणारा, जड आणि चकाकणारा चमचा.
• वॉलआय: डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असल्याने संधिप्रकाशात शिकार करतो. त्या वेळी चमकणारे किंवा खुळखुळणारे आमिष.
• पर्च: दिवसा, थव्याने, बहुधा तळाजवळ. लहान चमचा.
• ब्लूगिल: तोंड लहान, खाद्य सूक्ष्म जीव आणि कीटकांच्या अळ्या. त्याला डाळीच्या दाण्याएवढे वजन असलेला गळ, म्हणजे जिग, पुरतो.

४. कौशल्य कोणाचे, हक्क कोणाचा?

१८३७ आणि १८४२ च्या करारांनी ओजिब्वे लोकांनी मोठा भूप्रदेश अमेरिकन सरकारला दिला, पण तेथे शिकार व मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. तरीही पुढे राज्य सरकार त्यांना राखीव क्षेत्राबाहेर मासेमारीसाठी पकडू लागले. १९७४ मध्ये फ्रेड आणि माइक ट्रिबल या ओजिब्वे भावांनी विस्कॉन्सिनमधील चीफ लेकच्या बर्फात भोक पाडून भाल्याने मासेमारी केली आणि त्यांच्यावर कारवाई झाली. १९८३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने करारातील हक्क कायम असल्याचा निकाल दिला. त्यानंतर वसंतात भाला घेऊन तळ्यावर जाणाऱ्या ओजिब्वे लोकांना जमावाच्या शिव्या आणि दगड सोसावे लागले. हा नकली मासा आज संग्राहक कलावस्तू म्हणून विकत घेतात. तो पाण्यात सोडण्याचा हक्क मात्र न्यायालयात झगडून मिळवावा लागला, हे लक्षात ठेवा.

५. शिशाची किंमत

लहान आमिष खोल जायचे तर जड धातू हवा. शिसे स्वस्त आणि सहज वितळणारे, म्हणून ते सर्रास वापरले गेले. दोरी तुटली की ते तळ्यातच राहते. लून हा पाणपक्षी अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो, त्यांबरोबर शिशाचे वजनही गिळतो. असे एक वजनही त्याचा जीव घेऊ शकते. हंसांच्या मृत्यूंमुळे ब्रिटनने १९८७ मध्ये मासेमारीच्या लहान शिसे-वजनांवर बंदी आणली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने २००० पासून निर्बंध घातले. पर्याय म्हणून टंगस्टन पुढे आले. शिशाची घनता दर घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, टंगस्टनची १९.३. म्हणजे तेवढ्याच वजनाचा जिग आकाराने लहान होतो आणि ब्लूगिलच्या तोंडात सहज मावतो. पक्ष्यासाठी केलेला बदल मच्छीमाराच्याही फायद्याचा ठरला. अडचण फक्त किमतीची.

विचारासाठी प्रश्न

१. नकली माशाची शेपटी सरळ ठेवली तर त्याची चाल कशी बदलेल? बलांची आकृती काढून सांगा.
२. समान वजनाच्या शिशाच्या आणि टंगस्टनच्या गोळ्यांच्या व्यासांचे गुणोत्तर काढा.
३. तुमच्या भागातील मच्छीमारांचे एखादे साधन निवडा. ते कोणत्या माशासाठी आहे, त्याचा आकार तसाच का, आणि ते वापरण्याचा हक्क आज कोणाकडे आहे, हे त्यांच्याशी बोलून लिहा.