स्लॅबच्या पाठीवरचा लॉट नंबर

नाणी जमवणाऱ्यांमध्ये एक वाद अधूनमधून निघतो. बाहेरच्या माणसाला तो क्षुल्लक वाटेल. ग्रेडिंग केलेलं नाणं पारदर्शक, कडक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद होऊन येतं. या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. असं नाणं लिलावात गेलं की लिलाव करणारे डबीच्या पाठीवर छोटा कागदी स्टिकर चिकटवतात. त्यावर लॉट नंबर असतो, कधी लिलावाची तारीख, कधी संस्थेचं नाव. नाणं विकत घेतल्यावर हा स्टिकर काढायचा की ठेवायचा, एवढाच वाद.

काढणाऱ्यांची बाजू सरळ आहे. स्टिकरचा संबंध त्या दिवशीच्या लिलावाशी, नाण्याशी नाही. डबी स्वच्छ दिसावी, आणि दुकानातून आणलेल्या ताटावरचं किमतीचं लेबल आपण काढतोच की. मी स्टिकर ठेवतो. त्याचं कारण सांगायचं तर प्लॅस्टिकच्या डबीपासून निघून पवनीच्या मातीपर्यंत जावं लागेल.

आधी डबीबद्दल. नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० असे गुण देण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी मांडली. पुढे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकी कंपन्यांनी नाणी तपासून, गुण देऊन सीलबंद करण्याचा धंदा सुरू केला. प्राचीन नाण्यांसाठी एनजीसीची पद्धत वेगळी आहे. तिथे ७० चा आकडा नसतो. अवस्थेचा शेरा असतो, शिवाय ठसा किती नीट उमटला आहे आणि पृष्ठभाग कसा आहे याला प्रत्येकी ५ पैकी गुण. या सगळ्यातून नाणं आज कसं दिसतं ते कळतं. ते कुठून आलं, कोणाकोणाच्या हातून गेलं, याचं उत्तर गुणांत नसतं.

माझ्याकडे सुमारे दोन ग्रॅमचं एक चांदीचं नाणं स्लॅबमध्ये आहे. मूळ नाणं क्षत्रप राजा नहपान याचं. त्याच्या चेहऱ्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं उज्जैन चिन्ह. डोंगराखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं. डबीच्या पाठीवर दोन स्टिकर आहेत, दोन वेगवेगळ्या लिलावांचे. डबीवरच्या लेबलात राजाचं नाव, धातू आणि गुण आहेत. नाणं कोणत्या साठ्यातलं, याबद्दल एक शब्द नाही.

ही माहिती नसणं किती मोठी गोष्ट आहे, ते याच जातीच्या नाण्यांवरून समजतं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्यावर लिहिलं. नाशिकच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या शिलालेखात आपल्या मुलाने क्षहरातांचं घराणं संपवल्याचं कोरलेलं होतंच. पण आई मुलाची स्तुती करणारच, असं म्हणायला वाव होता. जोगळटेंभीने तो फारसा ठेवला नाही.

यात एक बारकावा आहे. पुन्हा ठसा मारलेलं एकच नाणं हाती असतं, तर त्यातून एवढंच कळलं असतं की गौतमीपुत्राच्या टांकसाळीत नहपानाचं एक नाणं पोहोचलं. सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर नवा ठसा, आणि तरी उरलेली जुनीच, हे प्रमाण साठा एकत्र मोजला म्हणून कळलं. जिंकणाऱ्याने चलन गोळा करून आपल्या नावाने पुन्हा फिरवायला घेतलं होतं, हा निष्कर्ष त्या प्रमाणावर उभा आहे. आज ती नाणी अनेक संग्रहालयांत आणि खासगी कपाटांत विखुरली आहेत. माझं नाणं त्यांतलं असू शकेल, नसूही शकेल.

विदर्भातलं उदाहरण याहून बोलकं आहे. १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यात, तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, तऱ्हाळा इथे सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा निघाला. पोटीन म्हणजे तांबं, कथील, शिसं यांची हलकी मिश्रधातू. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या नाण्यांचा अभ्यास १९४० मध्ये प्रसिद्ध केला. अडचण अशी होती की नाण्याची चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे राजाचं पूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच मावतं. एकावर सुरुवातीची दोन अक्षरं, दुसऱ्यावर मधली तीन, तिसऱ्यावर शेवट. शेकडो नाणी शेजारी ठेवून, हत्तीभोवतीची अक्षरं जुळवत नावं वाचावी लागली. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावं अशा वाचनातून पुढे आली. पुराणांच्या याद्यांत त्यांचा पत्ता नाही. हा साठा सापडल्या सापडल्या बाजारात मूठमूठ विकला गेला असता, तर हे राजे आपल्याला भेटले असते का?

मी ज्या भंडारा जिल्ह्यातला आहे, तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. माझ्या गावापासून पवनी जवळ आहे. वैनगंगेच्या काठचं हे गाव म्हणजे खंदक आणि तटबंदी असलेलं प्राचीन नगर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप उजेडात आला. भार राजा भगदत्त याचा शिलालेख इथलाच. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या नावाचा स्तंभही इथलाच. हा स्तंभ पवनीत मिळाला नसता, तर कोणा क्षत्रपाचा वैनगंगेच्या काठाशी संबंध होता असं म्हणायला आधार कुठला? दगड जड असतो, सहसा मिळाला तिथेच राहतो. नाणं खिशात जातं.

जुन्या गावांच्या शिवारात पावसाळ्यानंतर नाणी वर येतात, नांगरटीतही येतात. ज्याला मिळतं, त्याच्यापुढे १८७८ चा निखात निधी कायदा उभा असतो. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. कळवलं नाही तर कैद किंवा दंड. कायद्यात सापडणाऱ्याचा विचार आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. वस्तूला कोणी मालक नाही असं ठरलं आणि जमीनमालकाशी दुसरा काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यायची. इथेच गोम आहे. हत्तीच्या पोटीन नाण्याच्या धातूची किंमत ती काय असणार? भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव, जुन्या धातूला वजनावर भाव मिळतो हे तिथे लहान पोरालाही कळतं. पण नाण्याचा भाव वजनावर नसतो, हे बाजाराला ठाऊक आणि कायद्याला नाही. मग शेतकरी गप्प बसतो, नाणं फेरीवाल्याकडे जातं, फेरीवाल्याकडून व्यापाऱ्याकडे. शिवाराचं नाव पहिल्याच व्यवहारात गळून पडतं. त्यात आमच्या तालुक्यातली कितीतरी शिवारं गोसीखुर्दच्या जलाशयाखाली गेली. तिथे पूर्वी काय सापडलं होतं, हे आता जमिनीला विचारता येणार नाही.

तेव्हा लिलावाच्या स्टिकरकडून फार अपेक्षा ठेवू नये. तो शिवारापर्यंत नेत नाही. पण साखळीची जेवढी कडी उरली आहे, तेवढी धरून ठेवतो. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एखाद्या नोंदीत दुसऱ्या तक्त्याचा फक्त क्रमांक असतो, बाकी काही नसतं. नवख्या माणसाला तो आकडा निरुपयोगी वाटतो. तो पुसला की सगळी माहिती असूनही सापडत नाही. लॉट नंबर तसा आहे. त्यावरून लिलावाचा कॅटलॉग सापडतो. कॅटलॉगात नाण्याचं छायाचित्र, वजन आणि कधीकधी आधीच्या संग्राहकाचं नाव. प्राचीन नाणी हाताने पाडलेली, त्यामुळे प्रत्येकाची कड, चीर, ठशाचं सरकणं वेगळं. म्हणून स्टिकर खोटा चिकटवला असेल तरी छायाचित्राशी ताडून पाहता येतं. स्टिकर वाट दाखवतो, पुरावा छायाचित्राचा.

कायद्याच्या बाजूनेही ही वाट उपयोगी आहे. पुरावस्तूंच्या निर्यातीवर १९४७ पासून कायदेशीर नियंत्रण आलं, आणि १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीने देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. परदेशात सीलबंद झालेलं सातवाहन नाणं समोर आलं, की ते देशाबाहेर कधी गेलं हा प्रश्न येतोच. जुन्या लिलावाची नोंद हे त्याचं एक उत्तर असतं. स्टिकर नसेल, तर ते नाणं दीडशे वर्षं एखाद्या संग्रहात होतं की गेल्या पावसाळ्यात कोणाच्या धुऱ्यावरून उचललं गेलं, दोन्ही सारखीच दिसतात.

काही विक्रेत्यांना ही सारखी दिसणारी अवस्था सोयीची असते, हे उघड बोललं पाहिजे. स्टिकर असला की आधीची किंमत शोधता येते. चार स्टिकर असले की नाणं हातोहात फिरतंय, कुठे टिकत नाही, असा संशय येतो. म्हणून ‘डबी साफ करून’ विकण्याची पद्धत पडली. घेणाऱ्याने हे आपल्या बाजूने पाहावं. विकणाऱ्याला लपवावीशी वाटणारी माहिती सहसा घेणाऱ्याच्या उपयोगाची असते.

स्टिकर काढावाच लागतो, असे प्रसंगही आहेत. तो समोरच्या बाजूला असून नाणं किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक झाकत असेल, किंवा गोंद पसरत असेल, तर काढावा. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. मग हेअर ड्रायरची सौम्य ऊब देऊन हळू सोडवावा. ॲसिटोन लावू नये, त्याने डबीचं प्लॅस्टिक धुरकट होतं. निघालेला स्टिकर वहीत चिकटवून शेजारी प्रमाणपत्राचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव लिहावं. अनेक जुन्या संग्राहकांच्या कपाटांत प्रत्येक नाण्याखाली कागदाची गोल चकती असायची, त्यावर हेच लिहिलेलं असायचं. संग्रह विकताना वारसांनी त्या चकत्या फेकल्या, तिथे नाण्याची वाट तुटली.

गौतमीपुत्राने नहपानाचा चेहरा पूर्ण पुसला नाही. त्याच्या कारागिरांनी घाईत ठसे मारले असतील, किंवा त्याला पुसायचाही नसेल. त्या उरलेल्या नाकामुळे दोन राजांमधला व्यवहार आपल्याला वाचता येतो. पुढच्या खेपेला पवनीच्या बाजारात कोणी हत्तीचं नाणं दाखवलं, तर किंमत विचारण्याआधी ते कोणत्या शिवारातलं, हे विचारा. उत्तर मिळालं तर लगेच लिहून घ्या. त्या नाण्यावर पुढे लागणाऱ्या सगळ्या स्टिकरांपेक्षा ती एक ओळ जास्त मोलाची असेल.