स्पीकरचा बहिरेपणा आणि गिटारचा स्वच्छ सूर

#थ्रेड #इतिहास

१/
१५ ऑगस्ट १९६५. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना ऐकण्यासाठी सुमारे ५५,६०० श्रोते जमले होते. गिटारसाठी मंचावर व्हॉक्सचे १०० वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर होते, तर गायनाचा भार मैदानातील ध्वनिक्षेपकांवर. वादकांकडे तोंड करून ठेवलेले मॉनिटर स्पीकर तेव्हा नव्हते. किंकाळ्यांच्या त्या लाटेत वादकांना स्वतःचेच वादन धड ऐकू येत नव्हते. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, त्यांचा अखेरचा तिकीट लावलेला जाहीर कार्यक्रम झाला.

२/
आज तोच गिटारवादक पुस्तकाएवढी डिजिटल पेटी घेऊन मंचावर येतो. तिला ‘अ‍ॅम्प मॉडेलर’ म्हणतात. तिच्यात डझनावारी नामांकित अ‍ॅम्प्लिफायरांच्या गणिती प्रतिकृती असतात. तरीही घरी रेशमासारखा वाटणारा तिचा आवाज मंचावर कधी गढूळ होतो, तर कधी कानाला टोचतो. या विसंगतीचे मूळ शोधायचे, तर नव्वद वर्षे मागे जावे लागते.

३/
१९३० च्या सुमारास अमेरिकन जॅझ वाद्यवृंदांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्यापुढे गिटार अक्षरशः बुडून जात असे. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये यावर विद्युत उपाय काढला. तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे बसवले, की तारेचे कंपन विजेच्या लहरींत उतरते. त्यांच्या गिटारचा आकार पाहून लोकांनी तिला ‘फ्राइंग पॅन’ हे नाव दिले. या लहरींना बळ देणारा अ‍ॅम्प्लिफायर त्या काळी रेडिओप्रमाणेच व्हॉल्व्हवर चाले.

४/
साखळीची शेवटची कडी म्हणजे कागदी शंकूचा स्पीकर, बहुधा १० किंवा १२ इंचांचा. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ मानली जाते, पण हा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या आसपासच थकतो. त्यापुढचे तो फारसे काही बोलत नाही. गिटारचा सर्वांत उंच मूळ स्वर १,३०० हर्ट्झच्या जवळपास असल्याने हे वैगुण्य कोणाला खटकले नाही. पुढे हेच वैगुण्य गुण ठरले.

५/
कारण अ‍ॅम्प्लिफायर क्षमतेपलीकडे रेटला, की लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरावर अनेक उंच, कर्कश उपस्वर जन्मतात. हेच डिस्टॉर्शन. १९५१ च्या ‘रॉकेट ८८’ या ध्वनिमुद्रणात ते बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे आले. १९६४ मध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिस यांनी स्पीकरचा शंकू पात्याने चिरून ते मुद्दाम घडवले. त्या उपस्वरांतील टोचणारा भाग स्पीकरच गिळून टाकत असे. रॉक गिटारचा उबदार आवाज या बहिरेपणावर उभा होता.

६/
लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये फेंडर बेसमनच्या धर्तीवर आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर तयार करवला. ‘द हू’च्या पीट टाउनशेंड यांना आणखी मोठा आवाज हवा होता. त्यातून १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि एकावर एक रचलेल्या स्पीकर-पेट्यांचा मनोरा आला. मात्र मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज हे एकच असल्याची समजूत फार काळ टिकली नाही. मनोऱ्यासमोरच्या श्रोत्यांचे कान बधिर होत आणि बाजूच्यांना गिटार अस्पष्टच ऐकू येई.

७/
१९७४ मध्ये ‘ग्रेटफुल डेड’ने या प्रश्नाला अजस्र उत्तर दिले. त्यांच्या ‘वॉल ऑफ साउंड’मध्ये शेकडो स्पीकर होते आणि वजन सुमारे ७५ टन. तत्त्व साधे होते : प्रत्येक वाद्याचे स्पीकर वेगळे, म्हणजे एकाचा स्वर दुसऱ्यात मिसळून गढूळ होणार नाही. आवाज विलक्षण स्वच्छ होता, पण ती भिंत गावोगाव नेण्याचा खर्च कंबरडे मोडणारा ठरला. त्याच वर्षी तिला निरोप द्यावा लागला.

८/
टिकून राहिली ती सोपी वाट. गिटारच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन लावायचा, तो आवाज मिक्सरकडे न्यायचा आणि सभागृहाच्या मोठ्या यंत्रणेतून ऐकवायचा. १९६५ मध्ये बाजारात आलेला शूरचा एसएम५७ या कामाचा जणू मानकरी झाला. येथे सत्तांतर घडले. श्रोत्यांपर्यंत काय पोहोचावे, हे आता वादकाच्या बरोबरीने साउंड इंजिनिअरही ठरवू लागला.

९/
मग प्रश्न आला, अवजड अ‍ॅम्प्लिफायर हवाच कशाला? ‘बॉस्टन’ बँडचे अभियंता-गिटारवादक टॉम शोल्झ यांचा ‘रॉकमन’ १९८२ मध्ये आला, ‘सॅन्सअ‍ॅम्प’ १९८९ मध्ये. दोन्ही अ‍ॅनालॉग. रोलँडच्या व्हीजी-८ ने १९९५ मध्ये गणिती प्रतिकृतीची वाट धरली आणि १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीच्या लाल ‘पॉड’ने ती घरोघरी पोहोचवली. २००६ मध्ये फ्रॅक्टलचा ‘अ‍ॅक्स-एफएक्स’ आला. २०११ चा जर्मन ‘केम्पर’ खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चाचणीचे ध्वनी सोडून त्याचा ठसाच टिपून घेतो.

१०/
येथे तो जुना बहिरेपणा पुन्हा दारात उभा राहिला. सभागृहाचे स्पीकर उंच पट्टाही प्रामाणिकपणे ऐकवतात. स्पीकर-पेटीच्या प्रतिकृतीशिवाय मॉडेलर त्यांना जोडला, की मधमाश्यांचे मोहोळ उठल्याचा भास होतो. उलट, प्रतिकृती चालू ठेवून तो गिटारच्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, तर आवाज दोन चाळण्यांतून जातो आणि घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. मंचावरील कित्येक तक्रारींचे मूळ या एका जोडणीत सापडते.

११/
दुसरे कारण यंत्रात नसून कानात आहे. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी दाखवले, की मंद आवाजात कानाला खर्ज आणि अतिउंच स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. आवाज वाढतो तशी ही तफावत घटते. म्हणून रात्री घरी हळू आवाजात प्रीसेट जुळवणारा वादक नकळत खर्ज आणि उंच पट्टा वाढवून ठेवतो. मंचावर तेच खर्ज घुमते, उंच पट्टा बोचतो आणि दोहोंमध्ये गिटारचा खरा प्राण असलेला मधला पट्टा हरवतो.

१२/
अनुभवी वादकांचे आजचे शहाणपण या इतिहासाचेच सार आहे :
• प्रीसेट मंचाच्या आवाजातच जुळवावा, शक्यतो बँडसोबत.
• गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. ८०-१०० हर्ट्झखालचा भाग छाटून ती जागा बेस गिटार आणि ड्रमला द्यावी.
• ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान वरची सीमा आखावी.
• डिस्टॉर्शन आणि रिव्हर्ब घरच्यापेक्षा कमी ठेवावे. सभागृहाला स्वतःचा घुमारा असतोच.
• मधला पट्टा राखावा. एकट्याने ऐकताना तो रुक्ष वाटतो, पण मेळ्यात गिटार त्याच्याच बळावर ऐकू येते.

१३/
या सोयीची किंमतही आहे. पाठीमागे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर धडधडत असताना हवेचा जो धक्का अंगाला जाणवतो, आणि स्पीकरच्या आवाजानेच तार पुन्हा थरथरू लागून स्वर लांबत जातो, तो अनुभव कानातल्या इयरफोनमधून येत नाही. आता सभागृहाच्या यंत्रणेवर आणि मिक्सरवर बसलेल्या माणसावर वादकाची भिस्त पूर्वीपेक्षा अधिक आहे. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांचे पक्षपाती अडून बसतात ते या स्वायत्ततेपायीही.

१४/
८ डिसेंबर २०१३ रोजी ‘मेटॅलिका’ने अंटार्क्टिकातील अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर कार्यक्रम केला. तेथील निसर्गाला गोंगाटाचा उपद्रव होऊ नये म्हणून मंचावर स्पीकर नव्हते. सुमारे १२० श्रोत्यांनी हेडफोनमधून ऐकले. बाहेर जवळपास शांतता, आणि कानात जगातील एक अतिशय दणदणीत बँड.

१५/
आवाज वाढवण्यासाठी जन्मलेले तंत्र आठ दशकांनी आवाजाविना पोहोचू लागले. त्याचा सर्वांत मौल्यवान वारसा मात्र त्या साध्या कागदी शंकूकडून आला : काय ऐकवू नये, याचे भान. मॉडेलर असंख्य आवाज देतो. ऐकवू नये तो भाग गाळण्याचे काम पूर्वी स्पीकर न सांगता करत असे. आता ते वादकाला स्वतःच्या कानाने करावे लागते.

(समाप्त)