खनिजमिश्रित गाळ-कंपोस्ट

सांडपाण्याचा गाळ आणि घरगुती ओला कचरा एकत्र कुजवताना झिओलाइट, बेंटोनाइट किंवा चुना मिसळून जड धातूंना आवर घालण्याची पद्धत. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेली कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ मुख्यतः काडीकचरा व शेण यांवर उभी होती. आजच्या शहरी गाळात मात्र शिसे, निकेल, क्रोमियमही येऊ शकतात. इंदूरचे सांडपाणी वाहणारी कान्ह नदी सांवेर तालुक्यातून क्षिप्रेकडे जाते. तेथील शेतीला हा प्रश्न परका नाही.

धातू कुजत नाहीत. सेंद्रिय भाग कुजून ढीग हलका होतो, तसे धातूंचे प्रमाण उलट वाढते. झिओलाइट आपल्यातील सोडियम, कॅल्शियम देऊन धातूंचे आयन धरून ठेवते; चुन्याने सामू वाढतो व बरेच धातू कमी विरघळतात. यावर आक्षेप असा, की धातू जागीच राहतात. तो खरा आहे. झिओलाइटचे भरड खडे चाळून काढले तरच काही धातू खताबाहेर जातात; एरवी केवळ पिकाला होणारी त्यांची उपलब्धता घटते, आणि जमीन आम्ल झाल्यास ते पुन्हा सुटू शकतात. माळव्याची काळी, चिकणमातीयुक्त जमीन स्वतःच धातू धरते, मग खनिजे कशाला, असेही विचारले जाते. पण जमिनीने धरलेला धातू वर्षानुवर्षे साचत जातो; म्हणून बंदोबस्त ढिगातच हवा. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये प्रतिकिलो कॅडमियम ५, निकेल ५० व शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. ही मर्यादा एकूण धातूची असल्याने कारखान्यांचे सांडपाणी गटारात येण्याआधीच वेगळे करणे अनिवार्य ठरते.