धारा लागलेला कोरडा डोळा

लोहाऱ्यात आमच्या शेजारच्या काकू चुलीपुढे बसल्या की पदराच्या टोकानं सारखे डोळे टिपतात. पाळी जाऊन त्यांना पाच-सहा वर्षं झाली. डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या चिकटतात, वाऱ्यावर गेलं की पाणी वाहतं. डोळा कोरडा पडलाय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "धारा लागल्यात की डोळ्याला, अन् कोरडा कसा म्हणताव?"

प्रश्न रास्त आहे. त्यावर शिकलेली माणसंही एक ठरलेलं उत्तर देतात: पाळी गेली, इस्ट्रोजेन हे स्त्रीचं संप्रेरक आटलं, म्हणून डोळ्यातलं पाणी आटलं, इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्या, डोळे पूर्ववत होतील. तसं असतं तर गोळ्या घेणाऱ्या बायकांचे डोळे न घेणाऱ्यांपेक्षा बरे असायला हवेत. अमेरिकेत पाळी गेलेल्या २५,६६५ स्त्रियांची माहिती तपासली गेली आणि २००१ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कोरड्या डोळ्याचा धोका ६९ टक्क्यांनी जास्त निघाला, जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध घेणाऱ्यांत २९ टक्क्यांनी. जितकी जास्त वर्षं गोळ्या, तितका धोका वाढता. कुणी म्हणेल, ज्यांना त्रास होता त्यांनीच गोळ्या घेतल्या असतील. पण या अभ्यासात गोळ्या आधी सुरू झाल्या होत्या, डोळ्याचं निदान नंतरचं.

'पाणी आटलं' हेही टिकत नाही. चाळिशीआधीच ज्यांचे अंडाशय काम थांबवतात, अशा स्त्रियांवरचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या डोळ्यांच्या पृष्ठभागाला इजा जास्त होती. अश्रूंची निर्मिती मात्र इतर समवयस्क स्त्रियांपेक्षा कमी नव्हती.

मग डोळा सुकतो कशानं? कोळपणी केलेल्या रानात ओल टिकते, कारण वरचा मोकळा थर खालचं पाणी उडू देत नाही. डोळ्यावर हेच काम तेलाचा पातळ थर करतो. ते तेल पापण्यांतल्या बारीक ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. या ग्रंथी चालू राहतात त्या अँड्रोजेनवर, ज्याला आपण पुरुषी संप्रेरक म्हणतो. बोस्टनच्या डेव्हिड सलिवन यांनी या विषयावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. स्त्रीच्या शरीरात अँड्रोजेन अंडाशयांतून आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येतं, आणि वयाबरोबर हा पुरवठा घटत जातो. मग तेल दाट होतं, ग्रंथींची तोंडं बुजतात, पुढची पापणी लवण्याआधीच अश्रूंचा थर फाटतो. उघडा पडलेला डोळा चुरचुरतो आणि अश्रुग्रंथी घाईनं पाणी सोडते. तेलाचं आवरण नसल्यानं ते डोळ्यावर ठरत नाही, गालावर ओघळतं. काकूंच्या धारा त्या ह्याच. चुलीचा धूर आणि मळणीची धूळ त्यात भर घालते.

गरम वाफा किंवा हाडांसाठी डॉक्टर इस्ट्रोजेन देतात, त्याला माझा विरोध नाही. डोळ्यासाठी म्हणून ते मागू नये, एवढंच म्हणणं आहे.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. बायका "पिशवी काढली" एवढंच सांगतात. गर्भाशय काढणं वेगळं, अंडाशय काढणं वेगळं. पाळी गेल्यावरही अंडाशय टेस्टोस्टेरॉन, म्हणजे एक अँड्रोजेन, बनवत राहतात. ते काढले की तो झरा त्याच दिवशी बंद. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येक जणी तिशी-चाळिशीतल्या. ऊसतोडीला आमच्या जिल्ह्यातूनही टोळ्या जातात. पिशवीबरोबर अंडाशयही गेलेल्या अशा एखाद्या बाईचे डोळे खुपू लागले, तर "वय झालं" म्हणून तिला परत पाठवणं हा अन्याय आहे.

काकू आता रोज झोपताना स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून पाच-दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवतात, मग पापण्या कडेकडे हलक्या हातानं दाबतात. घट्ट झालेलं तेल त्यानं सुटतं. पण डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर शेकावर थांबू नका. स्वीडनच्या हेन्रिक स्योग्रेन यांनी १९३३ साली वर्णन केलेला आजार असू शकतो, त्याला रक्ततपासणी लागते.

आणि पिशवीचं ऑपरेशन झालं असेल, तर त्याचा कागद शोधून ठेवा. अंडाशय ठेवले की काढले, हे त्यावर लिहिलेलं असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना तो सोबत न्या.